व्हिसा दूतावास देतो, एजंट नाही

बजाजनगरातील कामगारांची मुले आता परदेशात शिकायला जाऊ लागली आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील 75 विद्यार्थ्यांची दरवर्षी निवड होते. काही मुले केंद्राच्या शिष्यवृत्तीवर, काही बँकेच्या कर्जावर जातात. त्यांच्या व्हिसाचे मार्गदर्शन बरेचसे विद्यापीठच करते. खरी अडचण पुढे येते, पदवीदान समारंभाला आई-बाबांनी यावे असे मुलगी फोनवर सांगते तेव्हा. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न या पालकांचे असतात, आणि अनेक जण एजंटाला पैसे देऊन झाल्यावरच येतात.

म्हणून पहिली गोष्ट. व्हिसा मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार फक्त त्या देशाच्या सरकारचा असतो. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी अमेरिकेचा वाणिज्य दूतावास मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ब्रिटन आणि युरोपातील अनेक देश कागदपत्रे व बोटांचे ठसे घेण्याचे काम व्हीएफएस या कंपनीकडे देतात, तिची केंद्रे पुण्यात आणि मुंबईत आहेत. पण खिडकीवर बसलेला कर्मचारी अर्ज फक्त पुढे पाठवतो. ‘आतून सेटिंग आहे’ असे कोणी सांगितले तर ते खोटे समजावे. फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणे वेगळे, व्हिसाची हमी देणे वेगळे.

सगळीकडे व्हिसा लागतो असेही नाही. 1956 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब काठमांडूला गेले होते. त्या नेपाळला, म्हणजे लुंबिनीला, भारतीय नागरिकाला आजही व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे, आधार कार्ड चालत नाही. धम्मसहलीच्या आयोजकांनी हे आधीच सांगायला हवे.

आता नावाचा प्रश्न. आपल्या समाजात हा फार मोठा आहे. अनेक कुटुंबांनी जुनी आडनावे सोडून नवी घेतली. आईचे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगचे. अर्जातले नाव पासपोर्टप्रमाणेच हवे, आणि बाकीची कागदपत्रे त्याच्याशी जुळली पाहिजेत. नाव बदलल्याचे राजपत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. शहराचे नाव 2023 मध्ये बदलले, त्यामुळे पासपोर्टवर जन्मस्थान औरंगाबाद आणि नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर असे अनेकांचे झाले आहे. घाबरू नका, जन्मस्थान पासपोर्टवर आहे तसेच लिहा.

अमेरिकेच्या ‘डीएस-160’ या ऑनलाइन फॉर्ममध्ये तुमची टोळी किंवा कूळ कोणते, असा एक प्रश्न आहे. काही जण तिथे जात लिहून मोकळे होतात. तो प्रश्न जातीचा नाही. व्हिसासाठी जातीचा दाखलाही लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक खिडकीवर जात सांगावी लागलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो, याचे आम्हाला नवल वाटत नाही.

सर्वात जास्त अर्ज अडकतात ते पैशांपाशी आणि नोकरीपाशी. अमेरिकेच्या कायद्यातील कलम 214 (ब) नुसार पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच राहायला चालला आहे, असे आधी गृहीत धरले जाते. परत येणार हे अर्जदारानेच पटवून द्यायचे. कायम नोकरी असलेल्याला ते सोपे जाते. वाळूजमधल्या कंत्राटी कामगाराचा पगार ठेकेदाराकडून येतो, ओळखपत्र कंपनीच्या गेटचे असते आणि खोली भाड्याची. अशा वेळी पगाराच्या पावत्या, पीएफचे पासबुक, रजा मंजूर असल्याचे ठेकेदाराचे पत्र, गावाकडच्या शेतीचा सातबारा, मागे घरी कोण राहणार आहे, हे सगळे उपयोगी पडते. ब्रिटनसाठी मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

अर्जाआधी आठवडाभर नातेवाइकांकडून उसने दोन-तीन लाख खात्यात टाकायचे आणि स्टेटमेंट काढायचे, ही सवय सोडली पाहिजे. अधिकारी शिल्लक पाहतो तसाच पैसा कधी व कुठून आला हेही पाहतो. खर्च मुलगी करणार असेल तर तसे स्पष्ट लिहा, तिचे पत्र आणि तिच्या कमाईचा पुरावा जोडा. पीएफमधून रक्कम काढली असेल तर त्याचा कागद लावा. खरी पण कमी रक्कम, अचानक फुगलेल्या खात्यापेक्षा बरी.

अमेरिकेसाठी सहसा दोन फेऱ्या होतात, एकदा ठसे व फोटो, नंतर मुलाखत. मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपते आणि मराठीत देता येते. पाठ केलेले इंग्रजी बोलण्यापेक्षा सरळ मराठीत उत्तर द्यावे: काम काय करता, मुलगी काय शिकते, किती दिवस राहणार. तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात, त्यामुळे मे महिन्याच्या समारंभासाठी एप्रिलमध्ये धावपळ करून उपयोग नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो आणि प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे. अमेरिकेचे मूळ शुल्क 185 डॉलर. अर्ज नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत. महिन्याला पंधरा-सोळा हजार कमावणाऱ्या जोडप्यासाठी ही दोन महिन्यांची कमाई आहे.

नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो, पण आधीचा नकार लपवायचा नाही. एजंटाने खोटे नोकरीपत्र किंवा बनावट स्टेटमेंट लावले तरी सही अर्जदाराची असते. फसवणूक सापडल्यास ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी येऊ शकते आणि अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. एजंट मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसलेला असतो. म्हणून फॉर्म कोणीही भरू द्या, पण पाठवण्याआधी त्यातले प्रत्येक उत्तर मराठीत वाचून घ्या आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.