विणेकऱ्याच्या मागून वेळापूर

माळशिरसहून वेळापूरकडे येणारा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा रस्ता गावाच्या अलीकडे एका उतारावर येतो. आषाढी एकादशी तीन-चार दिवसांवर आलेली असते. उताराच्या माथ्यावर चोपदार दिंड्या थांबवतात, तुकोबांचे धाव्याचे अभंग होतात आणि मग इशारा मिळताच सगळी माणसे खाली धावत सुटतात. गळ्यात टाळ, पोटाशी मृदंग, छातीशी विणा, डोक्यावर तुळशीवृंदावन, जे आहे ते सांभाळत. तुकाराम महाराजांना इथल्या टेकाडावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. हाच वेळापूरचा धावा. तो पाहायला पंचक्रोशीतली माणसे सकाळपासून रस्त्याकडेला जागा धरून बसतात.

गाणे ऐकण्यासाठी लांबचा प्रवास करणारी मित्रांची जोडी महाराष्ट्राला नवी नाही. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवासाठी गाड्या निघतात. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात, तिथेही दूरदूरचे कानसेन पोचतात. वेळापूरपासून हाकेच्या अंतरावरच्या अकलूजने राज्यस्तरीय लावणी स्पर्धेच्या निमित्ताने लावणीचे रसिक असेच ओढून आणले. पण या सगळ्या ठिकाणी गाणे एका जागी असते आणि ऐकणारा तिथवर जातो. आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर मात्र गाणेच चालत असते. ते ऐकायचे तर त्याच्याबरोबर चालावे लागते. रस्त्याच्या कडेला उभे राहून वारी दिसते, ऐकू मात्र येत नाही. एका दिंडीचा अभंग कानावर पडतो न पडतो तोच ती पुढे जाते आणि मागची दिंडी वेगळ्याच चालीत वेगळाच अभंग घेऊन येते. दिवसभर उभे राहिले तरी हाती लागतात ते तुकडेच.

या संगीताला घडी आहे, आणि ती मोठ्या विचाराने बसवलेली आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये ज्ञानेश्वर आणि तुकाराम अशा दोघांच्या पादुका एकत्र घेऊन पालखी सुरू केली. पुढे शिंदे सरकारच्या पदरी असलेले साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा यांनी 1832 च्या सुमारास ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्र काढली आणि सोहळ्याला आजची शिस्त लावली. रथापुढे 27 दिंड्या, रथामागे शेकडो. प्रत्येकीचा क्रमांक आणि जागा ठरलेली. दिवसभरात कोणत्या प्रहरी कोणते अभंग म्हणायचे, याचाही क्रम तितकाच पक्का.

पहाटे काकडा होतो. दिंडी चालू लागली की मंगलाचरण आणि रूपाचे अभंग. मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी. गौळणींना चाल खेळकर होते आणि पावलेही तशीच पडू लागतात. दुपारच्या विसाव्यानंतर वाराचे अभंग, म्हणजे सोमवारचे वेगळे, एकादशीचे वेगळे. ऊन कलले की हरिपाठ. सकाळची संथ चाल मुक्कामाकडे येताना द्रुत झालेली असते. शास्त्रीय मैफलीचा रसिक विलंबितातून द्रुतात जाणारा राग दोन तासांत ऐकतो. इथे तीच चढण सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पसरलेली असते, आणि मध्ये घाट, ऊन, चिखल, जेवण सगळे येते. म्हणून दोन तास चालून परतणाऱ्याला वारीचे संगीत कळले असे म्हणता येत नाही. निदान एक अख्खा दिवस एकाच दिंडीत काढायला हवा.

दिंडीची रचना नीट पाहण्यासारखी असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्याबरोबर मृदंग, मागे विणेकरी आणि त्यामागे तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. टाळकरी कितीही असोत, अभंग धरला आणि सोडला जातो तो विणेकऱ्याच्या हिशेबाने. विणा जमिनीवर टेकवायची नाही, असा दंडक. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात ती घालताना दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. मग देणारा सत्तरीचा आणि घेणारा विशीतला असला तरी.

मृदंगवाल्याचे काम सर्वांत जड. वारकरी ज्याला मृदंग म्हणतात तो पखवाजच. एका तोंडाला शाई, दुसऱ्या तोंडाला ओली कणीक थापलेली. त्या कणकेमुळेच धुमेचा खोल आवाज येतो. आषाढातल्या ओल्या हवेत चामडे सैल पडते, सूर उतरतो. मग विसाव्याच्या झाडाखाली वादीखालचे गट्टे हातोडीने ठोकून सूर पुन्हा चढवला जातो, सुकलेली कणीक खरवडून ताजी लावली जाते. कुणाच्या तरी शिदोरीतल्या पिठाचा गोळा त्यासाठी मागून आणलेला असतो. आठ मात्रांचा भजनी ठेका ऐकायला सोपा वाटतो, पण चालत्या पावलांशी तो दिवसभर जुळवून ठेवणे ही तालमीचीच गोष्ट आहे. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. आज आळंदीच्या गल्ल्यांतून फिरताना पखवाजाचे बोल घोकणारी खेड्यापाड्यांतली मुले दिसतात. त्यांतलीच पुढे दिंड्यांत उभी राहतात.

दोघांनी मिळून जायचे असेल तर आधी ओळखीच्या दिंडीत नाव घालावे. जेवणाची भिशी भरली की दोन वेळच्या जेवणाची आणि तंबूतल्या जागेची सोय होते. सामान ट्रकमधून पुढे जाते. सोबती असणे इथे फार उपयोगाचे. पावली खेळताना समोर जोडीदार लागतो, फुगडीला लागतो, आणि एकाचा आवाज बसला की दुसऱ्याने चरण उचलून धरायचा असतो. गर्दीत चुकामूक ठरलेलीच, तेव्हा मोबाइलपेक्षा दिंडीचा क्रमांक कामाला येतो. ‘रथामागे अमुक नंबर’ एवढे सांगितले की कुणीही वाट दाखवतो.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते आणि तिथे ऐकण्याजोगी शांतता असते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ टिपेला पोचतो. चोपदार चोप उंचावून लांब हाळी देतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून निवाडा होतो. मग हरवले-सापडल्याच्या सूचना, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ आणि आरती. तक्रार नोंदवण्याची याहून देखणी रीत महाराष्ट्रात दुसरी नसावी.

या गाण्याने माणसे किती जवळ येतात आणि कुठे अडतात, हे इरावती कर्वे यांनी नेमके टिपले आहे. ‘परिपूर्ती’ या संग्रहातल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी दिंडीबरोबरचे आपले चालणे सांगितले आहे. दिवसभर एका सुरात गाणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगवेगळे बसत, याची खंत त्यांनी लपवली नाही. दि. बा. मोकाशी 1961 मध्ये चालले आणि 1964 मध्ये त्यांचे ‘पालखी’ पुस्तक आले. वारीला निघण्याआधी ही दोन्ही वाचावीत. डोळे उघडे ठेवून कसे चालावे ते कळते.

संपूर्ण वाट ज्यांना शक्य नाही त्यांनी माळशिरस ते वेळापूर हा टप्पा निवडावा. एवढे वेगवेगळे संगीत एका दिवसात दुसरीकडे क्वचितच मिळते. वाटेत खुडूसला गोल रिंगण होते. माउलींचा अश्व आणि स्वाराचा अश्व धावून गेले की उडीचा खेळ सुरू होतो: टाळकरी आणि मृदंगवाले पालखीभोवती दाटीने बसतात, उठतात, उड्या घेतात, आणि शेकडो पखवाज एका लयीत वाजतात. मग धावा. आणि मग भारूड, ज्याचा इथला मान शेडगे दिंडीकडे आहे. एकनाथांनी जोगवा, गोंधळ, भूत, विंचू अशी रोजच्या पाहण्यातली सोंगे घेऊन अध्यात्म सांगितले. कीर्तनाला माना डोलावणारे लोक भारुडाला खळखळून हसतात आणि हसता हसता अर्थ घेऊन जातात.

वेळापूरच्या मातीला गाण्याची ही पालखी परकी नाही. इथले अर्धनारीनटेश्वराचे मंदिर यादवकालीन, आणि शिलालेख रामदेवराव यादवाच्या काळातले. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या राजाचे नाव येते तोच हा रामदेवराव. मुक्कामाच्या संध्याकाळी तंबू लागेपर्यंत तासभर मिळतो. मंदिर आणि बारव त्या वेळात पाहून होतात.

वाट आता बदलली आहे. दिवेघाट ते मोहोळ हा 221 किलोमीटरचा पालखी महामार्ग चौपदरी करण्याच्या कामाचे भूमिपूजन नोव्हेंबर 2021 मध्ये झाले, त्यात वारकऱ्यांसाठी कडेने पायवाटेचीही योजना आहे. रुंद रस्त्याने गर्दीची सोय झाली. जुनी झाडे गेलेल्या ठिकाणी मात्र विसाव्याची सावली गेली, आणि सावली नसेल तिथे दिंडी बसून गात नाही. नव्या रस्त्याच्या कडेला वड-पिंपळ लावून ते जगवणे हे या संगीतासाठीही तातडीचे काम आहे. महामार्गाच्या भूमिपूजनाआधी, 2020 मध्ये, करोनामुळे माउलींच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या, तेव्हा वेळापूरच्या उतारावर धावा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पालखी भंडीशेगावकडे निघते. वाटेत ठाकूरबुवा समाधीजवळ आणखी एक गोल रिंगण होते, मग तोंडले-बोंडलेच्या पुढे ‘टप्पा’ नावाच्या ठिकाणी माउलींचे बंधू सोपानकाका यांची पालखी येऊन मिळते. दोन्ही पालख्यांचे टाळ त्या ठिकाणी एकत्र वाजतात. इथून वाखरीपर्यंत गर्दी इतकी वाढते की एका दिंडीचे गाणे वेगळे ऐकणे कठीण होते.

ज्यांना ते वेगळे ऐकायचे आहे त्यांच्यासाठी परतवारी आहे. गोपाळपूरचा काला झाला की पौर्णिमेला माउलींची पालखी आळंदीकडे फिरते आणि वाखरीनंतर पुन्हा वेळापूरला मुक्कामाला येते. परतीचे टप्पे मोठे, चाल झपाट्याची, वारकरी मोजकेच. ना कॅमेरे, ना स्वागताच्या कमानी. भजनाचा क्रम मात्र तोच. मित्राला बरोबर घेऊन वाखरी ते वेळापूर एवढीच वाट चालली, तरी विणेकऱ्याच्या मागे दोन हातांवर राहून काकड्यापासून हरिपाठापर्यंत सगळे स्पष्ट ऐकायला मिळते.