खाणीच्या आवाजाचा हिशेब

पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोली, लोणीकंद, भावडी या पट्ट्यातून पुण्याच्या बांधकामांना वर्षानुवर्षे खडी पुरवली गेली. आता त्याच पट्ट्यात निवासी सोसायट्या उभ्या आहेत. २०२१मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. दगडखाण आणि वस्ती शेजारी येतात त्यामागे साधे व्यवहाराचे कारण आहे. खडी स्वस्त आणि जड असते, त्यामुळे ती लांबून आणली की वाहतुकीचा खर्च मालापेक्षा जास्त होतो. म्हणून खाण शहराच्या वेशीवर असते आणि शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत पोहोचते. मुंबईत मालाड आणि भांडुपमध्ये आजही ‘क्वारी रोड’ आहेत. तिथे वस्तीने खाणीला कधीच मागे टाकले.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टचा आहे. हा दगड कठीण असल्याने तो काढताना आवाज टळत नाही. मात्र तो आवाज एकाच जातीचा नसतो. आधी ड्रिल मशीनने भोके पाडली जातात, मग सुरुंग लागतो. सुरुंगातून सुटलेले मोठे धोंडे पोकलेनला जोडलेल्या ब्रेकरने फोडले जातात. तो माल डंपरने क्रशरवर जातो, तिथे जबड्यात भरडला जातो आणि चाळण्यांवरून खडी, ग्रिट आणि क्रश सँड वेगळी होते. तक्रारी बहुतेक सुरुंगाच्या असतात. प्रत्यक्षात माणसाचा दिवस खराब करतात ते ब्रेकर, क्रशर आणि डंपर.

सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजतो, लाल बावटे लागतात आणि माणसे लांब केली जातात. उडालेला दगड किती दूर जाईल याचा भरवसा नसल्याने ५०० मीटरपर्यंतचा परिसर धोक्याचा धरला जातो. भोकांत स्फोटके भरून वरचा भाग भुकटीने किंवा बारीक खडीने ठासून बंद करतात. ही ठासणी कमी पडली तर स्फोटाची ताकद दगडात जाण्याऐवजी तोंडातून हवेत निसटते. दगड कमी फुटतो, दणका मात्र मोठा बसतो. सगळी भोके एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली, तर जमिनीचा हादरा बराच कमी होतो. एकूण किती स्फोटके वापरली यापेक्षा एका क्षणी किती उडाली यावर हादरा अवलंबून असतो.

या हादऱ्याला मर्यादा घालून दिलेली आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांपाशी जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. कंपन जितके संथ, तितकी मर्यादा कडक. ८ हर्ट्झच्या खाली ती ५ मिलिमीटर आहे. माणसाला मात्र सेकंदाला १ मिलिमीटरच्या आतला हादराही जाणवतो. त्यामुळे घर हलल्यासारखे वाटणे आणि घराचे नुकसान होणे यांत बरेच अंतर असते. भिंतींना तडे गिलावा सुकल्याने किंवा पाया खचल्यानेही जातात. फक्त सुरुंग झाल्यावर लोक भिंतीकडे निरखून पाहतात. पण याच कारणाने प्रत्येक तक्रार उडवून लावणेही चूक आहे. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवावी आणि त्यावर तारीख लिहावी. पट्टी फुटली तर तडा वाढतो आहे. तारखांचा ताळा सुरुंगांच्या नोंदींशी घातला की वादाला काही आधार मिळतो.

खिडकीची तावदाने खडखडतात ती बहुतेक वेळा जमिनीमुळे नव्हे, हवेतल्या दाबाच्या लाटेमुळे. ही लाट इतकी खालच्या कंपनसंख्येची असते की तिचा मोठा भाग कानाला ऐकूच येत नाही. ध्वनिमापक ज्या ‘ए’ पट्टीवर मोजतो ती कानाच्या सवयीप्रमाणे बेतलेली आहे, म्हणून ही लाट तिच्यावर जेमतेम उमटते. रहिवासी म्हणतो घर हादरले, यंत्र म्हणते काही विशेष नाही, आणि दोघेही खरे असतात.

खरी गोम सरासरीत आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २०००प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ही मर्यादा त्या संपूर्ण काळातल्या ध्वनिऊर्जेच्या सरासरीला लागू होते. समजा, वस्तीत एरवी ४५ डेसिबल आवाज आहे आणि दिवसातून एकदा एक सेकंदभर १०० डेसिबलचा सुरुंग झाला. सोळा तासांची सरासरी निघते सुमारे ५३. म्हणजे कायद्याने सगळे आलबेल. आता सुरुंग नाही, पण ब्रेकरचा आवाज खिडकीशी ६० डेसिबलने आठ तास चालू आहे. सरासरी ५७ होते आणि मर्यादा मोडते. रोजच्या दणक्याचा राग खरा असला, तरी मोजणीत पकडता येतो तो ठकठक करणारा ब्रेकर.

त्यातही एक अडसर आहे. याच नियमांतील तक्रारीच्या तरतुदीनुसार, दिवसाचा आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तेव्हाच तक्रार करता येते. ५७ डेसिबल सोसणाऱ्याला ही वाट बंद. मर्यादा ५५ ठेवायची आणि दाद ६५च्या पुढे द्यायची, ही विसंगती नियमातच आहे.

मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पण हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा ध्वनिलहरी खाली वळतात आणि तोच क्रशर उशाशी आल्यासारखा वाटतो.

उपाय खाणीतच करायचे असतात. क्रशर आणि चाळण्या शेडमध्ये बंदिस्त करणे, दगड आदळतो तिथे रबराचे अस्तर लावणे, खाण आणि वस्ती यांच्यामध्ये मातीचा उंच बांध घालणे, डंपरच्या रिव्हर्स हॉर्नऐवजी लांबवर न बोचणारा फसफस आवाजाचा इशारा बसवणे, यांनी फरक पडतो. झाडांची एखादी रांग लावून मात्र आवाज अडत नाही. ती लावतात, फोटोही काढतात, पण तिचा उपयोग फार तर थोडी धूळ अडवण्यापुरता.

दाद मागणाऱ्यांची सर्वात मोठी अडचण म्हणजे दारे अनेक आहेत. खाणपट्टा आणि गौण खनिजाचा परवाना जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांकडे. क्रशरचे संमतिपत्र, आवाज आणि धूळ महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. हादरे आणि सुरुंगाची सुरक्षितता खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, कारण सुरुंग लावणारी खाण लहान असली तरी खाण सुरक्षेच्या कायद्यातून सुटत नाही. स्फोटकांचा परवाना ज्या केंद्रीय संघटनेकडून मिळतो, तिचे मुख्यालय नागपूरला आहे. ‘खाणीचा त्रास बंद करा’ असा एकच अर्ज सगळीकडे दिला की प्रत्येक कार्यालय तो दुसऱ्याकडे ढकलते. हादऱ्याचा अर्ज वेगळा, रात्रीच्या डंपरचा वेगळा, क्रशरच्या आवाजाचा वेगळा असावा आणि प्रत्येकासोबत निदान पंधरवड्याची वेळेसह नोंद असावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू लागली. त्या मंजुरीपत्रात पाळायच्या अटी लिहिलेल्या असतात आणि ते ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. मोघम तक्रारीपेक्षा मोडलेल्या अटीचा क्रमांक देणारा अर्ज बाजूला सारणे अधिकाऱ्यालाही अवघड जाते.

खाण आधी की वस्ती आधी, हा वाद रहिवासी आणि खाणमालक यांच्यात रंगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०मध्ये सुरुंग लावणाऱ्या खाणीपासून वस्तीपर्यंत किमान २०० मीटर अंतर सुचवले होते. पण या अंतराच्या आत, चालू खाणीच्या कुशीत इमारतीचा नकाशा मंजूर करणारी यंत्रणा या वादात दिसतच नाही. जबाबदारी आधी तिची आहे. अशा भागात घर घेणाऱ्यांनी जवळच्या खाणपट्ट्याची मुदत कधी संपते हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे आणि मगच बयाणा द्यावा.