विंचवाचा दंश आणि डॉक्टरचा प्रश्न

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून ‘एटकॉम’ हा भाग आला. डॉक्टरची वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण त्यात अपेक्षित आहे. त्यावरच्या चर्चेत मला एक उणीव जाणवते. संवाद म्हणजे गोड बोलणे आणि चिंतन म्हणजे दिवसाअखेर लिहायची रोजनिशी, असा सोपा अर्थ लावला जातो. माझ्या मते या दोन्ही गोष्टी निदानाचा आणि उपचाराचाच भाग आहेत. त्याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्याला लाल विंचू नवा नव्हता. त्याच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता ही पुढे हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वचिन्हे आहेत, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

यातले एकही लक्षण ओळखायला यंत्र लागत नाही. हात लावून पाहावे लागते आणि विचारावे लागते. शेवटचे लक्षण तर रुग्ण लाजेपोटी स्वतःहून सांगणार नाही. ‘मांत्रिकाकडे गेला होतात ना?’ असे दटावून विचारले, तर उत्तर ‘नाही’च येणार, आणि दंशानंतर किती वेळ गेला, ही कामाची माहिती त्या उत्तराखाली दडून राहणार. म्हणून प्रश्न विचारण्याची रीत इथे निव्वळ सौजन्याची बाब राहत नाही.

विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध याच आवळण्यावर उतारा ठरते. त्याआधी वापरलेले नायट्रोप्रुसाइड शिरेतून, सतत लक्ष ठेवून द्यावे लागे. प्राझोसिनची गोळी मात्र लहानशा केंद्रातही देता येते. हा उपचार १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर दंशातले मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आल्याचे त्यानंतरच्या लेखनात नोंदलेले आहे.

मला याहून मोलाची वाटते ती पुढची पायरी. ज्या औषधाने नाव झाले, त्याचीच बावस्कर दांपत्याने पुन्हा परीक्षा घेतली. महाडमध्ये ७० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसते प्राझोसिन, तर निम्म्यांना त्यासोबत विंचवाची प्रतिविष लसही दिली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते, दुसऱ्या गटात ३२. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या पुस्तकात चिंतनशील व्यावसायिकाची कल्पना मांडली: काम करताना आणि केल्यावरही स्वतःच्या कृतीकडे तपासून पाहणारा. ती कल्पना इथे कागदावरून दवाखान्यात उतरलेली दिसते.

प्रत्येक डॉक्टरने शोधनिबंध लिहावा, असे माझे म्हणणे नाही. पण गंभीर रुग्ण गेल्यावर किंवा वाचल्यावर परिचारिका, आशाताई आणि रुग्णवाहिकेचा चालक यांच्यासह दहा मिनिटे बसणे कोणत्याही केंद्राला शक्य आहे. काय दिसले, काय विचारायचे राहिले, रुग्ण इथवर यायला वेळ कुठे गेला, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे वहीत उतरवावीत आणि पुढचा तसा रुग्ण येण्याआधी ती वही उघडावी. पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरच्या आशाताईला ‘घाम आणि उलटी दिसली की थांबू नका, लगेच निघा’ हे वाक्य पाठ असेल, तर उपचार दवाखान्याच्या दाराआधीच सुरू झालेला असतो.