अपघातानंतर ‘आपसात मिटवू’ म्हणण्याची घाई नको

ईदला किंवा लग्नाला मुंबईहून विजयदुर्गला येणाऱ्या गाड्या महामार्ग सोडून तळेरेला वळतात. पुढचा रस्ता वळणांचा. कुठे ठोकर बसली की चार माणसं जमतात आणि म्हणतात, "जाऊ द्या, आपसात मिटवा." कोणाला लागलं असेल तर हे ऐकू नका. आतला मार कधी कधी दोन दिवसांनी कळतो, आणि तेव्हा हातात कागद नसतो.

आधी १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांना बोलवा. जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. मदतीला धावणाऱ्यांनी घाबरू नये, त्यांच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

खर्चाची काळजी वाटते? २०२५ च्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात.

गाडी हलवण्याआधी नंबरप्लेट आणि जागेचे फोटो काढा. समोरच्याच्या लायसन्स-विम्याचाही फोटो घ्या. आपल्या विमा कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नका.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा. वाहन ठोकून पळालं आणि सापडलंच नाही, तरी मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळू शकतात.

यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: पोलिसांत नोंद आहे का?