तीन बाल्टिक राजधान्या : एकट्याने करावयाच्या प्रवासाची आखणी

प्रवासाची हौस पुष्कळांना असते. परंतु प्रवास आखण्याची हौस फार थोड्यांना असते. घरच्या मंडळींबरोबर निघाले म्हणजे तिकिटे वडील काढतात, शिदोरी आई बांधते, वाट विचारण्याचे काम काका करतात आणि आपण खिडकीजवळची जागा मिळविली की आपले कर्तव्य संपले असे समजतो. एकट्याने निघावयाचे झाले म्हणजे ही सर्व कामे एकाच डोक्यावर येऊन पडतात. चुकल्यास सावरणारे जवळ कोणी नसते. म्हणून एकट्याचा प्रवास म्हणजे धाडस असे जे पुष्कळांस वाटते, ते खरे नव्हे. धाडस त्यात थोडे आणि विचार पुष्कळ असतो. हा विचार कसा करावा, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

युरोपच्या ईशान्येस बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर लिथुआनिया, लाट्व्हिया आणि एस्टोनिया असे तीन लहान देश दक्षिणोत्तर एकाखाली एक वसलेले आहेत. व्हिल्नियस, रीगा आणि टॅलिन या त्यांच्या राजधान्या. पहिल्याने एकट्याने परदेशी जाणाऱ्यास ही तीन नगरे सोयीची आहेत. तिन्ही देश 1 मे 2004 रोजी युरोपीय संघात आले. डिसेंबर 2007 पासून ते शेंगेन क्षेत्रात आहेत, म्हणजे एकाच व्हिशावर तिन्ही देशांत जाता येते. नाणेही एकच, युरो. एस्टोनियाने ते 2011 मध्ये, लाट्व्हियाने 2014 मध्ये आणि लिथुआनियाने 2015 मध्ये स्वीकारले. असे असूनही भाषा तीन, इतिहास तीन आणि नगरांचे चेहरेही तीन.

आखणीतील पहिला प्रश्न ऋतूचा. टॅलिन सुमारे 59 अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या व हिवाळ्याच्या दिवसमानात दोन-तीन तासांचा फरक पडतो. तेथे जूनच्या अखेरीस दिवस सुमारे साडेअठरा तासांचा, तर डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा असतो. एकट्या प्रवाशास उजेड हा मोठा सोबती आहे. अनोळखी नगरात रात्री नऊ वाजताही लख्ख प्रकाश असला, तर घर शोधताना जीव घाबरा होत नाही. म्हणून मे अखेरपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतचा काळ प्रथम जाणाऱ्यास उत्तम. मात्र 23 आणि 24 जून हे दिवस उन्हाळी संक्रमणाच्या उत्सवाचे असतात. त्या वेळी लोक नगर सोडून खेड्यांत जाऊन शेकोट्या पेटवितात व दुकाने पुष्कळशी बंद राहतात. हे ठाऊक असेल तर तो उत्सव पाहण्यास मिळतो. ठाऊक नसेल तर त्या दिवशी भाकरीसाठी फिरावे लागते.

दुसरा प्रश्न दिशेचा व दिवसांचा. भारतातून निघताना बहुधा वाटेत कोठे तरी विमान बदलावे लागते. व्हिल्नियसला उतरून पुन्हा व्हिल्नियसहूनच परतण्याचे तिकीट काढले, तर शेवटी सहाशे किलोमीटर उलट यावे लागते. त्याऐवजी जाण्याचे तिकीट व्हिल्नियसपर्यंत व परतीचे टॅलिनहून काढावे. दहा रात्री हाताशी असतील तर व्हिल्नियसला चार, रीगास तीन आणि टॅलिनला तीन अशी विभागणी करावी. व्हिल्नियस ते रीगा सुमारे तीनशे किलोमीटर आणि रीगा ते टॅलिनही तितकेच. दोन्ही टप्पे मोटारबसने चार ते पाच तासांत होतात.

येथे कोणी विचारील की युरोपात असताना रेल्वेने का जाऊ नये? त्याचे उत्तर इतिहासात आहे. या देशांतील लोहमार्ग रशियन साम्राज्याच्या काळी घातले गेले. त्यांच्या रुळांतील अंतर 1520 मिलिमीटर, तर पश्चिम युरोपात ते 1435 मिलिमीटर आहे. मार्गांचा रोख पूर्वेकडील मोठ्या नगरांकडे होता. या तीन राजधान्या एकमेकींस जोडाव्यात असा हेतू त्यामागे नव्हता. व्हिल्नियस ते रीगा थेट गाडी डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाली. पश्चिमेच्या मापाचा ‘रेल बाल्टिका’ हा नवा मार्ग बांधला जात आहे. तोपर्यंत मोटारबस हेच येथील मुख्य वाहन समजून आखणी करावी.

तिसरा प्रश्न कागदपत्रांचा, आणि यात हयगय मुळीच चालत नाही. भारतीय नागरिकास शेंगेन व्हिसा लागतो. तो कोणत्या देशाकडे मागावयाचा याचा नियम असा की, ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्याच्याकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश करावयाचा त्याच्याकडे. आपल्या वरील आखणीत दोन्ही कसोट्यांनी उत्तर एकच येते, ते म्हणजे लिथुआनिया. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो व किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो; परंतु शहाण्याने पंधराव्या दिवसाची वाट पाहू नये. पासपोर्ट परतीच्या नियोजित दिवसानंतर तीन महिने तरी चालणारा, मागील दहा वर्षांत दिलेला आणि दोन कोरी पाने असलेला हवा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिशाचे शुल्क जून 2024 पासून प्रौढांस 90 युरो आहे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. व्हिल्नियसहून बेलारूसची सीमा अगदी जवळ आहे. परंतु ती शेंगेन क्षेत्राची हद्द आहे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा हाती असताना ती ओलांडली, तर परत येता येणार नाही. टॅलिनहून समुद्रमार्गे हेलसिंकी सुमारे ऐंशी किलोमीटर आहे व जहाज दोन-अडीच तासांत पोहोचते. फिनलंड शेंगेन क्षेत्रातच असल्यामुळे तेथे जाण्यास दुसरा व्हिसा लागत नाही.

चौथा प्रश्न पैशाचा. खर्चाचे तीन गट करावे. निघण्यापूर्वीचा खर्च, म्हणजे विमान, व्हिसा व विमा. ठरलेला खर्च, म्हणजे निवास व बस. आणि रोजचा खर्च, म्हणजे भोजन, ट्राम व संग्रहालये. याखेरीज चौथी एक पुरचुंडी बांधावी, ती एका जादा रात्रीच्या निवासाची आणि तिकीट बदलण्याची. तिला हात न लावता परत आलो तर उत्तमच. पण ती नसताना बस चुकली तर सारा प्रवास कडू होतो. बँकेची कार्डे दोन असावीत व ती एकाच पाकिटात कधी ठेवू नयेत. पासपोर्टची एक नक्कल सामानात व दुसरी घरी असावी.

आता या नगरांत पाहावयाचे काय? एकट्या प्रवाशास वाटाड्या नसतो. म्हणून जाण्यापूर्वी थोडे वाचून गेले पाहिजे, नाही तर सर्व देवळे एकसारखीच दिसू लागतात.

व्हिल्नियसचा लेखी उल्लेख प्रथम 1323 मध्ये गेदिमिनास या राजाच्या पत्रांत येतो. तेथील विद्यापीठ 1579 चे. टेकडीवरील गेदिमिनासचा बुरूज, तांबड्या विटांचे नाजूक सेंट अ‍ॅनचे चर्च आणि अठ्ठावीस किलोमीटरवरील त्राकाय येथील तळ्यातला किल्ला ही स्थळे सर्वजण पाहतात. परंतु शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलामुलींना येथे आणखी एक मौज आहे. लिथुआनियन भाषेत मुलाला ‘सूनुस’, मेंढीला ‘अविस’, अग्नीला ‘उग्निस’, देवाला ‘दिएवास’ आणि पुरुषाला ‘वीरास’ म्हणतात. सूनु, अवि, अग्नि, देव आणि वीर हे आपले शब्द त्यांच्या शेजारी ठेवून पाहावेत. याचा अर्थ ती भाषा संस्कृतातून निघाली असा नव्हे. दोन्ही भाषा एकाच अतिप्राचीन मूळ भाषेच्या शाखा आहेत आणि लिथुआनियनने जुनी रूपे विशेष जपून ठेवली आहेत.

रीगा नगर 1201 मध्ये बिशप आल्बर्टने दौगावा नदीच्या काठी वसविले. हान्सा या उत्तर युरोपातील व्यापारी नगरांच्या संघात ते होते. बाजारचौकातील ‘काळ्या शिरांचे घर’ ही व्यापाऱ्यांची सुंदर इमारत 1941 मध्ये युद्धात भस्मसात झाली. पुढे तिचे अवशेषही काढून टाकण्यात आले. नागरिकांनी ती 1999 पर्यंत पुन्हा जशीच्या तशी उभारली. आल्बर्ट मार्गावरील घरांच्या दर्शनी भिंतींवरचे मुखवटे व वेली पाहताना मान दुखू लागते, तर मध्यवर्ती मंडईचे छप्पर एकेकाळी प्रचंड हवाई जहाजे ठेवण्यासाठी बांधलेल्या गोदामांचे आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात एक लाकडी कपाट आहे. क्रिश्यानिस बारोन्स या विद्वानाने जमविलेली लोकगीते चिठ्ठ्यांवर लिहून त्याच्या खणांत ठेविली आहेत. या ‘दाइना’ बहुतेक चार ओळींच्या असतात. आपल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांस या गीतांची थोरवी निराळी सांगावयास नको.

टॅलिनवर 1219 मध्ये डेन्मार्कच्या राजाने स्वारी केली. ‘डेन लोकांचे नगर’ असाच त्या नावाचा अर्थ मानला जातो. तटबंदी, बुरूज व अरुंद गल्ल्या येथे विशेष शाबूत आहेत. नगरभवन 1404 चे आहे आणि त्यासमोरील औषधालय 1422 मध्येही चालू होते, असा उल्लेख सापडतो. येथील भाषा मात्र शेजारच्या दोघींशी नाते सांगत नाही. ती फिन्निश भाषेची बहीण आहे.

या देशांचा अर्वाचीन इतिहास न जाणता तेथे हिंडणे बरे नव्हे. 23 ऑगस्ट 1939 रोजी हिटलर व स्टालिन यांच्या सरकारांनी गुप्तपणे पूर्व युरोप वाटून घेतला. पुढील वर्षी सोव्हिएत संघाने हे देश गिळले, 1941 मध्ये जर्मन सैन्य आले, आणि नंतर पुन्हा सोव्हिएत सत्ता आली. सहस्रावधी माणसे सैबेरियात धाडली गेली. व्हिल्नियसबाहेरील पानेर्याय येथील वनात नाझींनी व त्यांच्या साहाय्यकांनी हजारो ज्यू नागरिकांची हत्या केली. त्या कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, 23 ऑगस्ट 1989 रोजी, सुमारे वीस लाख लोकांनी हातांत हात गुंफून टॅलिनपासून रीगावरून व्हिल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरांहून लांब साखळी केली. कोणी शस्त्र उचलले नाही. लोक गाणी गात उभे राहिले. जानेवारी 1991 मध्ये व्हिल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी सोव्हिएत सैन्याने नि:शस्त्र लोकांचे प्राण घेतले, तरी लोक हटले नाहीत. त्याच वर्षी तिन्ही राष्ट्रांचे स्वातंत्र्य जगाने मान्य केले. आपण बसने जो मार्ग आक्रमणार, तो साधारणपणे त्याच साखळीच्या दिशेने जातो.

आता घरच्या मंडळींच्या काळजीविषयी. ‘एकटी मुलगी’ अथवा ‘एकटा मुलगा’ म्हटले की आईचा जीव टांगणीस लागतो, आणि ते स्वाभाविक आहे. ही काळजी वादाने नव्हे, व्यवस्थेने दूर होते. रोजच्या मुक्कामाचा पत्ता असलेला एक कागद घरी द्यावा. उन्हाळ्यात आपले घड्याळ तेथल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. हे ध्यानात घेऊन बोलण्याची वेळ ठरवावी व ती पाळावी. प्रत्येक नगरात दिवसाउजेडी पोहोचावे आणि पहिल्या रात्रीचा निवास बसस्थानकाजवळ असावा. पोलीस, वैद्यकीय मदत वा अग्निशामक यांसाठी तिन्ही देशांत 112 हा एकच क्रमांक आहे. शाकाहारी माणसाने प्रत्येक पदार्थात मांस आहे का, हे विचारूनच घ्यावे. कारण बटाट्याच्या मोठ्या गोळ्यात खिमा व वाटाण्यांत मांसाचे तुकडे असणे तेथे नित्याचे आहे. राईची काळी भाकरी, दही-चीज आणि मंडईतील फळे यांवर मात्र निर्धास्त राहावे. आणि प्रत्येक देशात निदान आभाराचा शब्द त्यांच्याच भाषेत म्हणावा : लिथुआनियात ‘आच्यू’, लाट्व्हियात ‘पाल्दिएस’, एस्टोनियात ‘आइताह’.

या शेवटच्या सूचनेस कारण आहे. झारच्या सरकारने 1864 नंतर लिथुआनियन भाषेची पुस्तके तिच्या रूढ रोमन लिपीत छापण्यास बंदी केली, ती 1904 पर्यंत टिकली. त्या चाळीस वर्षांत सीमेपलीकडे प्रशियात पुस्तके छापून खेडूत लोक ती गवताच्या भाऱ्यांत व कपड्यांखाली लपवून रात्री आणीत. पकडले गेले तर फटके वा सैबेरिया. ‘पुस्तकवाहक’ या नावाने त्यांची स्मृती आजही पूजिली जाते. आपल्या शाळेत, भोवती दुसरी भाषा बोलली जात असता, आपण मराठी पुस्तक उघडून बसतो. त्यासाठी कोणी आपणांस शिक्षा करीत नाही. ज्यांना ती शिक्षा सोसावी लागली, त्यांच्या नातवंडांच्या नगरांत पाहुणे म्हणून जाताना त्यांचा एक शब्द तोंडपाठ करून जाणे हे काही फार मोठे ओझे नव्हे. आणि सामानाच्या वजनात तर ते मुळीच धरले जात नाही.