हिरवळीचे वार्षिक खतनियोजन

घरासमोरची हिरवळ हा आता केवळ प्रशस्त बंगल्यांचा अलंकार राहिलेला नाही. गृहनिर्माण संस्थांची प्रांगणे, शाळा, कार्यालये आणि निवृत्तीनंतर हौसेने फुलविलेल्या छोट्या बागा यांतून ती सर्वत्र दिसू लागली आहे. मात्र हिरवळ लावणे जितके सोपे, तितके ती वर्षभर टिकविणे सोपे नसते. गवत पिवळे पडले की मूठभर युरिया फेकायचा, हा सर्वसाधारण प्रघात. या प्रघातात पैसा वाया जातो आणि पुष्कळदा गवतही जळून जाते.

आपल्याकडील बहुतेक हिरवळी उष्ण ऋतूत वाढणाऱ्या गवतांच्या असतात. त्यांत अग्रमान हरळीचा. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. कोरियन लॉन म्हणून विकले जाणारे झोयसियाही याच वर्गातले. या गवतांची वाढ 25 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात जोमाने होते; पारा 10 अंशांच्या खाली राहू लागला की ती विश्रांती घेतात. म्हणून खत कधी द्यावे, हे गवताच्या वाढीवरून ठरवावे. वाढत्या गवतालाच अन्न लागते, हे या नियोजनाचे मुख्य सूत्र होय.

ऋतुमानाप्रमाणे

फेब्रुवारीअखेर वा मार्चमध्ये नवे कोंब दिसू लागले की वाळका थर दाताळ्याने ओढून काढावा आणि चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा पातळ थर पसरावा. नत्राचा पहिला हप्ता हिरवळ निम्म्याहून अधिक हिरवी झाल्यावरच द्यावा. एप्रिल-मेमध्ये पुरेसे पाणी उपलब्ध असेल तरच खत द्यावे. पाणीटंचाईच्या काळात उपाशी हिरवळ तग धरते. खत घातलेली तहानलेली हिरवळ मात्र करपते.

पावसाची सुरुवात हा वाढीचा बहर. परंतु मुसळधार पावसाच्या तोंडावर घातलेले नत्र मुळांना न मिळता वाहून जाते, ओढ्या-तलावांत पोहोचते आणि तेथे शेवाळ माजविते. म्हणून उघडीप पाहून थोडे थोडे खत द्यावे. चेन्नईच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तेथे हीच काळजी त्या महिन्यांत घ्यावी लागते.

पावसाळा सरताना पालाशयुक्त खताचा हप्ता द्यावा. पालाशामुळे थंडी व पाण्याचा ताण सोसण्याचे बळ गवतात येते. दिल्ली, चंडीगडकडे सप्टेंबरअखेरीनंतर नत्र थांबविणे हिताचे. अन्यथा कोवळी वाढ थंडीत सापडते. तेथे डिसेंबर-जानेवारीत हरळी तपकिरी होते, पण ती मेलेली नसते. तिला खत देणे व्यर्थ होय. मुंबई किंवा चेन्नईत हिवाळा सौम्य असल्याने गवत हिरवे राहते. तेथे एखादा हलका हप्ता चालतो.

मात्रा व पद्धत

युरियात 46 टक्के नत्र असते. एक हजार चौरस फूट हरळीला एका वेळी एक किलो युरिया ही कमाल मात्रा समजावी. तीही पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत विभागणे उत्तम. वालुकामय जमिनीत हप्ते आणखी लहान व अधिक वेळा असावेत. झोयसियाला वर्षभरात हरळीपेक्षा बरेच कमी नत्र पुरते; अतिरेक झाल्यास खोडामुळांचा जाड थर साचून गवत गादीसारखे फुगते.

खत कोरड्या वाळूत मिसळून अर्धे उभे व अर्धे आडवे, सारख्या हाताने फेकावे. पाने कोरडी असावीत, वेळ सायंकाळची असावी आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. युरिया तापल्या जमिनीवर पडून राहिल्यास त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक आहे. या लेपामुळे नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर मंदावते व झिरपून होणारी हानी घटते. पण अवेळी घातलेल्या खताचे नुकसान लेपानेही टळत नाही.

पिवळेपणाचे निदान

पिवळेपणा म्हणजे नत्राची उणीवच, असे नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास फेरस सल्फेटची सौम्य फवारणी उपयोगी पडते. साचलेले पाणी, हुमणी किंवा फार खोल कापणी हीही कारणे असू शकतात. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांतून एकदा माती तपासून घेणे हे खताच्या गोणीहून स्वस्त पडते.

कापणीच्या वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग छाटू नये. बारीक कापलेले गवत हिरवळीवरच राहू दिल्यास ते कुजून नत्राचा मोठा वाटा मातीला परत मिळतो. नियमित, लहान आणि योग्य वेळी भरलेला हप्ता बचतीला जसा फळतो, तसाच तो हिरवळीलाही मानवतो.