वड्याच्या तेलावर इंजिन

डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या वडापाववाल्याकडून काळपट तेलाचा डबा घेऊन कॉलेजात शिरलो, तेव्हा शिपाईमामांनी विचारलं, "सर, आज भजी?" भजी नव्हती, तेल होतं आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनासाठी.

ते थेट ओतून चालत नाही. खाद्यतेल डिझेलच्या जवळपास दहापट दाट. नोझलमधून बारीक फवारा उडत नाही, कार्बन साचतो. म्हणून गाळायचं, पाणी उडवायचं, मग मिथेनॉल नि कॉस्टिक सोडा घालून ६० अंशांच्या आसपास ढवळायचं. ग्लिसरीन तळाशी बसतं, वर राहतं बायोडिझेल. पुन्हापुन्हा तळलेल्या तेलात आम्ल वाढलेलं असतं. ते न तपासता सोडा घातला, तर साबण होतो. माझा पहिल्या खेपेला झाला. भांडी मात्र लख्ख निघाली.

मग २० टक्के बायोडिझेल, ८० टक्के डिझेल. डायनॅमोमीटरवर भार वाढवत ब्युरेटमधलं इंधन किती सेकंदांत संपतं, ते मोजायचं. बायोडिझेलमध्ये ऊर्जा किलोमागे दहाएक टक्के कमी, त्यामुळे खप थोडा वाढतो. धूर घटतो, नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र बहुधा किंचित चढतात.

यात नवं काही नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं. आपल्या रेल्वेनेही २००२च्या अखेरीस दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेलवर धाववून पाहिली.

आमच्या इंजिनाची जुनी रबरी नळी तेवढी फुगली. ती बदलेपर्यंत मुलं कँटीनमध्ये पळाली होती. धुराला तळणीचा वास होता ना.